शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

डहाणू : ३१ ऑगस्ट हा ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन. १९७३ साली याच तारखेला त्या गेल्या. आज आपल्या तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक पाड्यावर अंगणवाडी आहे. सेविका आहे, मदतनीस आहे, वजनकाटा आहे, भिंतीवर फळांची चित्रं आहेत. पण ही अंगणवाडी नावाची गोष्ट पहिल्यांदा कुणी, कशासाठी सुरू केली हे विचारलं तर पोरांना सोडा, मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. तिची सुरुवात आपल्याच भागात झाली, बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर. सुरू करणारी बाई मुंबईची होती, बी.ए. झालेली होती, आणि बोर्डीला आली तेव्हा तिने वयाची पन्नाशी ओलांडली होती.

मुंबईतलं बालपण, अमरावतीचा संसार

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं होतं. त्या काळात मुलींचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकायचं हा रिवाज होता. केळकरांच्या घरात मुलीला शाळेत घातलं, पुढे कॉलेजातही जाऊ दिलं. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. पदवी घेतलेल्या मराठी बायका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

त्यानंतर त्यांचं लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालं आणि त्या वऱ्हाडात राहायला गेल्या. मात्र हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघं वेगळे झाले. पदरात लहान मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हणजे आजही गावात चार माणसं वळून बघतात. शंभर वर्षांपूर्वी काय परिस्थिती असेल ते वेगळं सांगायला नको. माहेरी जाऊन बसायचं किंवा कुणाच्या तरी आश्रयाला जायचं, एवढ्याच दोन वाटा बाईपुढे असत. ताराबाईंनी तिसरी वाट धरली. त्यांच्याकडे पदवी होती, तिच्या जोरावर त्यांनी नोकरी पत्करली आणि राजकोटला गेल्या. तिथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात, त्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा होती, पगार चांगला होता. एकट्या बाईला मूल वाढवायला आणखी काय पाहिजे असतं?

भरल्या पगाराची नोकरी सोडली

पण राजकोटला असतानाच भावनगरच्या एका शाळेची माहिती त्यांच्या कानावर आली. तिथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती आणि तिच्यात गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांचं बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा झाल्यावर त्याला कसं शिकवावं या विचारात असताना इटलीच्या मारिया मॉंटेसरी यांचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. मॉंटेसरीबाई डॉक्टर होत्या. रोममधल्या गरीब मजुरांच्या चाळीत १९०७ साली त्यांनी पहिलं बालगृह काढलं होतं. मूल मारून शिकत नाही, हातानं काम करता करता शिकतं, त्याला लहान खुर्ची, लहान भांडी आणि हाताळायला साधनं द्या, मग ते आपोआप शिकतं, असा त्यांच्या पद्धतीचा गाभा. गिजुभाईंनी वकिली सोडली आणि १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्या भरघोस मिशा आणि मुलांवरची माया बघून गुजरातेत लोक त्यांना मिशाळ आई म्हणू लागले.

ताराबाईंना हे काम पटलं. १९२३ साली त्यांनी राजकोटची प्राचार्याची जागा सोडली आणि भावनगरला गिजुभाईंबरोबर कामाला लागल्या. पदरात पोर असताना पक्की नोकरी सोडायची म्हणजे जोखीम होती. पगार कमी, मान कमी, आणि काम काय, तर अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये बसायचं. प्राचार्य बाई बालवर्गावर आल्या म्हटल्यावर लोकांना ती पायरी उतरल्यासारखीच वाटणार. कारण लहान मुलांना सांभाळणं हे काम आहे, त्यासाठी शिकावं लागतं, ही गोष्टच तेव्हा कुणी धरत नव्हतं.

भावनगरला ताराबाई साधारण नऊ वर्षं राहिल्या. गुजराती शिकल्या आणि त्या भाषेत लिहूही लागल्या. गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी मुलांसाठी आणि पालकांसाठी कितीतरी लहान लहान पुस्तकं काढली. शिक्षक तयार करायचं अध्यापन मंदिर चालवलं. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिका नावाचं मासिक गुजरातीत निघत होतं, ते १९३३ पासून ताराबाईंनी मराठीत सुरू केलं. मुलाला मारू नका, भीती घालू नका, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्या, जेवताना जबरदस्ती करू नका, अशा रोजच्या घरातल्या गोष्टी त्यात असायच्या. आज हे सगळं सोपं वाटतं. त्या काळी छडी लागल्याशिवाय विद्या येत नाही, असं शाळेतला मास्तरही म्हणायचा आणि घरातला बापही.

दादरचं शिशुविहार

१९३२ नंतर ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केलं. मुलांचं बालमंदिर आणि शिक्षिकांचं अध्यापन मंदिर अशा दोन्ही गोष्टी तिथे मराठीतून चालत. मराठी मध्यमवर्गाला बालशिक्षण म्हणजे काय ते इथून कळू लागलं. शिकून बाहेर पडलेल्या बायकांनी आपापल्या गावी बालवर्ग काढले.

याच १९३६ साली मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली, जी आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. म्हणजे मुलांमध्ये, कुटुंबांमध्ये, वस्तीत काम करणं हासुद्धा शिकून करायचा पेशा आहे, ही गोष्ट मुंबईत एकाच वर्षी दोन ठिकाणी रुजू लागली होती. ताराबाईंकडे समाजकार्याची कुठली पदवी नव्हती. त्यांचं शिक्षण काम करता करताच झालं.

शिशुविहार चांगलं चालत होतं. पण तिथे येणारी मुलं शिकलेल्या, बऱ्या घरातली. मॉंटेसरी पद्धतीची साधनं म्हणजे रंधा मारलेल्या लाकडाचे दट्टे, मनोरे, मोजपट्ट्या. ती महाग. अशी साधनं, छोटं फर्निचर, शिकलेल्या बाई, हे सगळं शहरातल्या घरांना झेपायचं. ज्या मुलाच्या घरात दोन वेळच्या भाकरीचे वांधे, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नव्हतं. मॉंटेसरीबाईंनी स्वतः सुरुवात केली ती गरिबांच्या मुलांपासून, आणि आपल्याकडे ती पद्धत श्रीमंतांची होऊन बसली होती.

त्याच काळात गांधीजींनी नई तालीम मांडली होती. १९३७ साली वर्ध्याला ठरलं तेव्हा ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला झालेल्या परिषदेत शिक्षणाचा विचार जन्मापासून पुढे आयुष्यभरासाठी करायचा असं ठरलं. म्हणजे सात वर्षांच्या आतलं मूलही हिशेबात आलं. पण खेड्यातल्या त्या मुलाला शिकवायचं कसं, कुठे आणि किती खर्चात, याचा नमुना कुणाकडेच नव्हता. तो नमुना तयार करायला ताराबाई मुंबई सोडून खेड्यात आल्या.

१९४५ : बोर्डी

जागा ठरली बोर्डी. समुद्रकाठचं गाव, चिकूच्या वाड्या, शिक्षणाची आवड असलेलं गाव. आचार्य भिसे यांच्यामुळे बोर्डीच्या हायस्कुलाचं नाव तेव्हा लांबलांबपर्यंत होतं. १९४५ च्या डिसेंबरात तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या.

१९४५ हे साल आपल्या भागात विसरण्यासारखं नाही. त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळ झरी गावात गोदूताई परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले म्हणून नवराबायको दोघांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं, त्यांना लग्नगडी म्हणायचं, ही इथली रीत होती. पावसाळ्यात खावटी घ्यायची आणि ती फेडता फेडता आयुष्य काढायचं. अशा घरातल्या पोराला शाळा कसली आणि पाटी कसली? आईबाप अंधारात कामावर जायचे, घरी राहायची आठ-नऊ वर्षांची पोर, तिच्या कडेवर धाकटं भावंड. त्याहून मोठा असेल तो सावकाराची गुरं राखायला. लढ्याने मोठ्यांना वेठीतून सोडवण्याचं काम हाती घेतलं होतं. मागे राहिलेल्या लहानग्यांचं काम बोर्डीच्या केंद्राने हाती घेतलं. दोन्ही कामं वेगळी, माणसं वेगळी, पण मुलूख एकच होता.

ताराबाईंना इथे जी जोडीदारीण मिळाली तिचं नाव अनुताई वाघ. अनुताई पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत विधवा झाल्या. पुढे हिमतीने शिकल्या, पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर झालं, तिथून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरू होण्याआधीच संपलेला. दोघींनी मिळून पुढची अठ्ठावीस वर्षं काम केलं. विचार आणि आखणी मुख्यतः ताराबाईंची, आणि पाड्यावर पायपीट करून तो विचार अंमलात आणायचा तो अनुताईंनी, असं या जोडीचं काम चाललं.

मुलं शाळेत येईनात, तर शाळा अंगणात

पहिल्यांदा नेहमीसारखी एका जागी बालवाडी काढली. ज्यांना येणं जमत होतं ती मुलं आली. दलित वस्तीतली आणि लांबच्या पाड्यांवरची मुलं आली नाहीत. आणायला कुणी नाही, घरी धाकटं भावंड सांभाळायचं, अंगावर धड कपडा नाही, आणि परक्या माणसाची भीती. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होतं? मुलं येत नाहीत, पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही, असा शेरा मारून वही बंद होते.

बोर्डीला वही बंद झाली नाही. मुलं येत नाहीत ना, मग आपण त्यांच्या दारात जायचं असं ठरलं. शिक्षिका सकाळी वस्तीत जायच्या. कुणाच्या तरी घरापुढचं सारवलेलं अंगण किंवा झाडाची सावली बघायची आणि तिथेच मुलं जमवायची. आधी हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. घराच्या अंगणात भरते म्हणून तिचं नाव अंगणवाडी. एका जागेला भरते ती मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीत जाते ती अंगणवाडी, अशा दोन तऱ्हा झाल्या.

अंगणात शाळा भरल्याचा आणखी एक फायदा झाला. शिकवणं आईच्या डोळ्यांसमोर होऊ लागलं. खरूज झालेल्या पोराला कसं धुवायचं, डोळे आले तर काय करायचं, नाक कसं पुसायचं हे बाई करतात ते आजीही बघते, शेजारीणही बघते. मुलाबरोबर घरही शिकतं. आज समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मूल, कुटुंब आणि शाळा यांना एकत्र धरून काम करा असं शिकवतात. बोर्डीच्या अंगणात ते रोजच्या रोज चाललं होतं.

महागड्या साधनांचा प्रश्नही इथेच सुटला. लाकडी दट्टे मुंबईहून आणण्याऐवजी समुद्रावरचे शंख-शिंपले, झाडाखालच्या बिया, चिंचोके, पानं, फुलं, खडे, माती, काड्या गोळा केल्या. लहानमोठे खडे लावायचे, एकसारखी पानं निवडायची, शिंपले मोजायचे, मातीचे आकार करायचे. मॉंटेसरी पद्धतीत लाकडाच्या साधनांनी जे साधायचं तेच इथे फुकटच्या सामानाने साधलं. शिवाय ही सगळी मुलांच्या ओळखीची वस्तू. वारली पोराला झाडांची नावं, कुठल्या पानाचा काय उपयोग, हे बाईंपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला येतं त्याच्यापासून सुरुवात केली की ते दबत नाही, बोलायला लागतं.

कोसबाडची टेकडी आणि विकासवाडी

१९५७ च्या सुमारास केंद्राचं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. इथे आजूबाजूला सगळे आदिवासी पाडे. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या. ज्या वयात माणसं पेन्शनीचे कागद आवरतात त्या वयात त्यांनी नवीन कामाला हात घातला, तो म्हणजे विकासवाडी.

विकासवाडीची गोष्ट समजून घ्यायची तर ती कडेवर भावंड घेतलेली पोर पुन्हा डोळ्यांसमोर आणावी लागते. सरकारने शाळा काढली, मास्तर नेमला, पाटी दिली, तरी ती पोर शाळेत येत नाही. कारण तिच्या कडेवर वर्षाचं मूल आहे. त्याला घेऊन वर्गात बसली तर ते रडतं, मास्तर बाहेर काढतो. त्याला घरी ठेवलं तर बघायला कुणी नाही. म्हणजे तिला शिकवायचं असेल तर आधी त्या बाळाची सोय केली पाहिजे.

म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशा तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आणल्या. तान्हं मूल पाळणाघरात, तीन-चार वर्षांचं बालवाडीत आणि मोठी बहीण शाळेत. तिघंही एका आवारात. बहिणीचा जीव वर-खाली होत नाही, मधेच जाऊन भावाला बघून येता येतं. आणि मोठ्या मुली आळीपाळीने पाळणाघरात हातभार लावतात, त्यातून मूल कसं सांभाळायचं हेही शिकतात. घरात जे ओझं होतं तेच इथे शिक्षणाचा भाग झालं.

दुसरा अडथळा गुरांचा. गुराखी पोरं दिवसभर रानात. त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. जिथे गुरं चरतात तिथेच शिक्षक जायचा, गुरं चरत राहायची आणि मुलं सावलीत बसून शिकायची. जी मुलं दिवसभर कामाला जात त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. मुलाची अडचण हीच शाळेची वेळ आणि जागा ठरवणार, एवढा साधा नियम सगळ्याच्या मुळाशी होता.

काम सोपं नव्हतं. पैशाची चणचण कायम असायची. भात लावणीच्या दिवसांत मुलं गळायची, गवत कापणीला गळायची. पोटासाठी घर दुसरीकडे गेलं की पोरही जायचं. शिकवणाऱ्यांची भाषा पुस्तकी आणि मुलांची वारली, त्यामुळे आधी शिक्षिकांनाच मुलांचे शब्द शिकावे लागायचे. आज लावलं आणि उद्या उगवलं असं यात काही नव्हतं. पोरं पुन्हा पुन्हा गोळा करत राहावं लागायचं.

पाड्यावर काम करायचं तर पाड्यावरची माणसं तयार झाली पाहिजेत, म्हणून कोसबाडला बालसेविकांचं प्रशिक्षणही चाललं. बालवाडी चालवायला मोठ्या पदवीची गरज नाही, पण प्रशिक्षणाची गरज आहे, असा त्यामागचा हिशेब होता. मूल किती महिन्यांत बसतं, कधी बोलतं, त्याला काय खायला द्यावं, ते हट्ट का करतं, आईशी कसं बोलावं, हे सगळं शिकावं लागतं. आज खेड्यापाड्यातल्या किती बायका बालवाडी, अंगणवाडी, आश्रमशाळा यांमध्ये काम करून घर चालवतात. बाईने घराबाहेर पडून मुलांमध्ये काम करावं आणि त्याला लोकांनी काम म्हणावं, ही वाट ज्यांनी पाडली त्यांत ताराबाई पुढे होत्या.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. त्या सत्तर वर्षांच्या होत्या. त्यानंतरही कोसबाडचं काम चालू राहिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या मागे अनुताईंनी काम पुढे नेलं. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचं आत्मकथन अनेकांच्या वाचनात असेल. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि १९९२ साली त्या गेल्या.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी

ताराबाई गेल्या आणि दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पहिल्यांदा देशभरात ३३ प्रकल्प होते. योजनेतल्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीत भरणाऱ्या शाळेचं नाव पुढे देशभरातल्या लाखो केंद्रांवर लागलं. हे बघायला ताराबाई नव्हत्या.

सरकारी अंगणवाडीला सहा कामं दिली आहेत. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण आणि आरोग्याची माहिती, आणि शाळापूर्व शिक्षण. कागदावर सहाही आहेत. पण कुठल्याही पाड्यावर जाऊन विचारलं की अंगणवाडीत काय असतं, तर पहिलं उत्तर येतं खाऊ. कुपोषणाचा शिक्का बसलेल्या आपल्या जिल्ह्यात आहाराचं मोल कुणी नाकारणार नाही, पोटात काही नसेल तर मूल शिकणार कसं? पण ताराबाईंची अंगणवाडी मुळात शिकण्याची जागा होती. शंख-शिंपल्यांचा तो डाव, ती गाणी, मातीचे आकार, हे जिथे सेविकेला वेळ मिळतो तिथे आजही चालतं. जिथे तिचा सगळा दिवस रजिस्टर आणि मोबाइलमध्ये नोंदी भरण्यात जातो तिथे ते मागे पडतं.

सेविकेला आजही पगार मिळत नाही, मानधन मिळतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा कुठे या कामाला काम म्हणून थोडी ओळख मिळाली. शंभर वर्षांपूर्वी ताराबाई कॉलेजातून बालवर्गावर आल्या तेव्हाचाच प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. लहान मुलांमध्ये काम करणाऱ्या बाईला शिकलेली, कामाची बाई समजायचं की नाही?

दुसरी एक गोष्ट. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकींना जोडण्याचं काम कोसबाडच्या विकासवाडीने साठ वर्षं आधी करून दाखवलं होतं, आणि त्यात पाळणाघरही होतं. धोरणात पाळणाघर नाही. कडेवर भावंड घेतलेली पोर अजून बाहेरच आहे.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात. सोबत लहान मुलं जातात. गावच्या अंगणवाडीच्या पटावर त्यांची नावं राहतात आणि मुलं भिवंडी-वसईकडच्या भट्टीवर मातीत बसलेली असतात. मोठी पोर धाकट्याला सांभाळते, आई विटा थापते. ८० वर्षांपूर्वी बोर्डीच्या वस्तीत जे चित्र होतं ते जागा बदलून तसंच आहे. मुलं येत नाहीत तर आपण जायचं, हा ताराबाईंचा साधा हिशेब आज लावला तर अंगणवाडी भट्टीवर भरायला हवी. काही ठिकाणी असे प्रयत्न झाले आहेत, पण ते सगळ्या भट्ट्यांवर पोचलेले नाहीत.

बारावीनंतर काय करायचं असा विचार करणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींनी या बाईंचं आयुष्य एकदा बघावं. समाजकार्याची पदवी आज जिल्ह्याच्या जवळपास मिळते, बालशिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, शाळेत समुपदेशक लागतात, बालकल्याणाच्या कामात माणसं लागतात. ताराबाईंपुढे यातलं काहीही नव्हतं. त्यांनी चालू नोकरी सोडून ही वाट धरली, मुंबईची शाळा सोडून खेड्यात आल्या, आणि मुलं ज्या अंगणात होती तिथे जाऊन बसल्या.

कोसबाडच्या टेकडीवर नूतन बाल शिक्षण संघाचं काम ताराबाईंच्या मागेही चालू राहिलं आहे. यंदा दिवाळीनंतर भट्टीवर निघणाऱ्या टेम्पोत किती लहान मुलं बसली, त्यांची नोंद कुणी ठेवली आणि ती जिथे उतरली तिथल्या अंगणवाडीने त्यांना घेतलं का, एवढं जरी प्रत्येक ग्रामपंचायतीने बघितलं तरी ताराबाईंचं काम थोडं पुढे सरकेल.